खडकात लोह, रक्तात टंचाई

वेरूळचे कैलास लेणे ज्या बेसॉल्टातून कोरले आहे, त्या खडकात शंभर किलोमागे दहा किलोहून अधिक लोहाची ऑक्साइडे असतात. हाच खडक झिजून छत्रपती संभाजीनगरच्या भोवतालची काळी जमीन तयार झाली. म्हणजे पैठण, गंगापूर, वैजापूरचा शेतकरी लोहावरच नांगर चालवतो. तरीही याच जमिनीत मोसंबीची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या उरतात. उसावर केवडा येतो, म्हणजे तोही पिवळा पडतो, आणि झाडाला लोह कमी पडल्याचे निदान होते. माणसांची गोष्ट वेगळी नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. सगळा रक्तक्षय लोहाअभावी होत नाही. बी-१२ आणि फोलेटची उणीव, सिकलसेल, जुनाट संसर्ग हीही कारणे असतात, आणि बोटाच्या थेंबभर रक्तावरून काढलेल्या आकड्याला मर्यादाही असतात. पण हे सगळे वजा केले तरी लोहाच्या कमतरतेचा वाटा मोठाच राहतो.

या दोन्ही दुखण्यांवर औषध पुष्कळदा एकच असते: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. मोसंबीच्या आळ्यात हिराकस टाकतात, आणि उपकेंद्रातून मिळणाऱ्या लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळीतही बहुधा तेच असते. आळ्यातले हिराकस चुनखडीच्या जमिनीत थोड्याच दिवसांत न विरघळणारे होऊन बसते, म्हणून जाणकार बागायतदार ते पानांवर फवारतो. गोळ्या वाटण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून चालू आहे. पन्नास वर्षांनंतरचे आकडे वर दिलेच आहेत. दोन्ही ठिकाणी आपण धरून चालतो की लोह कमी आहे, तेव्हा ते वाढवावे. माझे म्हणणे असे की प्रश्न लोह किती आहे यापेक्षा ते आत कोण घेते आणि कधी घेते याचा आहे. तो निर्णय पेशी घेते, आणि तिचे नियम समजून न घेता केलेला पुरवठा बऱ्याच अंशी वाया जातो.

पेशी एवढी काटेकोर का असते, हे आधी पाहू. लोहाशिवाय ऑक्सिजनची वाहतूक होत नाही, पेशीत ऊर्जा तयार होत नाही, डीएनएचे घटकही बनत नाहीत. मात्र इलेक्ट्रॉन सहज देण्या-घेण्याच्या ज्या गुणामुळे लोह उपयोगी पडते, त्याच गुणामुळे ते घातकही ठरते. मोकळे लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की होणारी जहाल अभिक्रिया हेन्री फेंटन यांनी १८९४ मध्येच नोंदवली होती. पेशीत ती घडली तर पटले, प्रथिने आणि डीएनए यांना इजा होते. दुसरी अडचण अशी की जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची नियंत्रित सोय मानवी शरीरात नाही. रॉबर्ट मॅककान्स आणि एल्सी विडोसन यांनी १९३७ मध्ये हा निष्कर्ष काढला, आणि तो आजवर टिकला आहे. प्रौढ शरीरात तीन-चार ग्रॅम लोह असते. जुन्या तांबड्या पेशी मोडून रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम परत वापरात येते, आणि आतड्यातून आत येते ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. बाहेरची वाट बंद असल्यावर सगळा हिशेब आतल्या वाटेवरच सांभाळावा लागतो.

झाडाच्या मुळाशीही हेच चालते. जमिनीचा सामू एका अंकाने वाढला की फेरिक लोहाची विद्राव्यता साधारण हजारपटीने घटते, आणि आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू आठच्या पुढे असतो. मोसंबी, कापूस, तूर यांची मुळे यावर तोडगा म्हणून आम्ल सोडतात, मुळाच्या पृष्ठभागावर फेरिक लोहाचे फेरस करतात आणि मग एका वाहक प्रथिनातून ते आत घेतात. मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात १९९६ मध्ये सापडलेल्या या प्रथिनाचे नाव आयआरटी-१. चुनखडीतले बायकार्बोनेट ते आम्ल मारून टाकते आणि मुळाचे सगळे कष्ट फुकट जातात. आयआरटी-१ फारसे चोखंदळही नाही: लोहाबरोबर जस्त, मँगनीज, कोबाल्टही त्यातून आत शिरतात. म्हणून हे धातू जास्त झाले की मुळाची पेशी त्या प्रथिनावर युबिक्विटिनची खूण लावते, ते पटलावरून आत ओढते आणि मोडीत काढते. भुकेच्या वेळी बनवलेले प्रथिन धोका दिसताच नष्ट करायचे, ही युक्ती पुढे आतड्यातही भेटणार आहे. गवतांनी वेगळी वाट धरली. ती लोहाला घट्ट पकडणारी द्रव्ये मातीत सोडतात आणि लोहासकट परत ओढून घेतात. जपानचे ताकागी यांनी १९७६ मध्ये ओट आणि भाताच्या मुळांत हे दाखवले, आणि अशी जोडी आत घेणारे वाहक प्रथिन २००१ मध्ये मक्यात सापडले. गवतांमध्येही सगळी सारखी नसतात. सातू ही द्रव्ये भरपूर सोडते, ज्वारी आणि भात कमी. त्यामुळे कुळाने गवत असूनही ऊस पिवळा पडू शकतो.

माणसाचे आतडे या बाबतीत गवतापेक्षा मोसंबीच्या जवळचे आहे. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी अन्नातल्या फेरिक लोहाचे आधी फेरस करतात, आणि मग १९९७ मध्ये ओळखल्या गेलेल्या डीएमटी-१ या प्रथिनातून ते आत घेतात. (मांसातले हीम-लोह वेगळ्या रीतीने आत जाते आणि अधिक शोषले जाते, भाकरी-भाजीवर जगणाऱ्या घरात त्याचा हिशेब लहान असतो.) आत आलेल्या लोहापुढे दोन शक्यता असतात. फेरिटिन या साठवण-प्रथिनात ते अडकून पडते, नाहीतर पेशीच्या दुसऱ्या बाजूच्या फेरोपोर्टिनमधून रक्तात जाते. आतड्याची पेशी तीन ते पाच दिवस जगते आणि मग गळून पडते. फेरिटिनमध्ये अडकलेले लोह तिच्याबरोबर विष्ठेतून बाहेर जाते. म्हणजे गिळलेले लोह आतड्याच्या पेशीत शिरले तरी ते शरीरात आले असे म्हणता येत नाही.

आता प्रश्न येतो की कोणते प्रथिन किती बनवायचे हे पेशीला कळते कसे. जीवशास्त्रातल्या ज्या रचना वाचताना थांबावेसे वाटते, त्यांतली ही एक आहे. प्रथिन बनते ते जनुकावरून उतरवलेल्या आरएनएच्या प्रतीवरून. अमेरिकेत रिचर्ड क्लॉसनर यांच्या प्रयोगशाळेत काम करताना मथियास हेन्ट्झे आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवले की फेरिटिनच्या आरएनएच्या सुरुवातीला एक लहानसा वळसा असतो, आणि लोहाला मिळणारा प्रतिसाद त्या वळशावर अवलंबून असतो. पेशीत लोह कमी असले की एक नियंत्रक प्रथिन येऊन त्या वळशावर बसते. वाचन सुरू होण्याच्या जागीच अडथळा आल्यामुळे फेरिटिन बनत नाही. साठवायला काही नाही, तर कोठार कशाला? तसेच वळसे रक्तातून लोह ओढणाऱ्या ट्रान्सफेरिन रिसेप्टरच्या आरएनएतही आहेत, पण ते शेवटाला, आणि एकूण पाच. तिथे तेच नियंत्रक प्रथिन बसले की वाचन अडत नाही, उलट ती प्रत मोडण्यापासून वाचते आणि तिच्यावरून अधिक रिसेप्टर बनतात. एकच प्रथिन, एकाच आकाराचा वळसा, पण एका ठिकाणी तो डोक्याशी आणि दुसरीकडे शेपटीशी असल्यामुळे परिणाम नेमके उलट होतात. डीएमटी-१ च्या एका प्रकारच्या प्रतीलाही शेपटीशी असा वळसा आहे, म्हणजे आतड्याची उपाशी पेशी लोह घेणारे प्रथिन वाढवू शकते.

हे नियंत्रक प्रथिन लोह मोजते कसे, हे त्याहून गमतीचे. त्याच्या दोन प्रकारांपैकी पहिल्यात लोह आणि गंधक यांचा चार-चार अणूंचा गुच्छ बसू शकतो. लोह भरपूर असताना गुच्छ जागेवर असतो आणि हे प्रथिन चयापचयातले एक विकर म्हणून निमूट काम करते. लोह घटले की गुच्छ सुटतो, विकराचे काम थांबते आणि तेच प्रथिन आरएनएच्या वळशावर जाऊन बसायला मोकळे होते. दुसऱ्या प्रकारात असा गुच्छ नाही, तिथे लोह वाढले की प्रथिनच मोडले जाते. आतड्याच्या पेशीत याशिवाय एचआयएफ-२ नावाचा आणखी एक नियंत्रक असतो. तो मोडणाऱ्या विकराला लोह आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, म्हणून लोह कमी पडले की एचआयएफ-२ टिकतो आणि शोषणाची प्रथिने वाढवतो. लोहाचे मोजमाप लोहानेच व्हावे, अशी ही सगळी व्यवस्था आहे.

पण प्रत्येक पेशीला फक्त स्वतःचे पोट कळते. यकृतात साठा किती आहे, अस्थिमज्जेला किती हवे, शरीरात जंतुसंसर्ग आहे का, हे आतड्याच्या एका पेशीला कसे समजणार? त्याचे उत्तर २००१ मध्ये काहीसे अपघातानेच हाती आले. पॅरिसमध्ये सोफी व्होलों यांच्या गटाने ग्लुकोजच्या अभ्यासासाठी एक जनुक बंद पाडलेले उंदीर तयार केले होते. त्यांच्या यकृतात लोहाचे ढीग साठू लागले. शोध घेता घेता लक्षात आले की शेजारच्या जनुकाचेही काम बंद पडले आहे, आणि खरी भानगड तीच होती. ते जनुक हेप्सिडिन या पंचवीस अमिनो आम्लांच्या संप्रेरकाचे. यकृत ते रक्तात सोडते. २००४ मध्ये एलिझाबेटा नेमेथ, टॉमस गॅंझ आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हेप्सिडिन फेरोपोर्टिनला चिकटते आणि पेशी ते प्रथिन आत ओढून मोडून टाकते. फेरोपोर्टिन गेले की आतड्यातले लोह रक्तात जाऊ शकत नाही, पेशीबरोबर गळून पडते. साठा भरलेला असला की हेप्सिडिन वाढते. संसर्ग किंवा दाह असला तरीही वाढते, कारण लोह जंतूंनाही हवे असते. झांझिबारच्या पेंबा बेटावरील मलेरियाग्रस्त भागात लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिले, तेव्हा रुग्णालयात दाखल होणे आणि मृत्यू वाढल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. पेशीची कंजुषी निष्कारण नसते, हे इतक्या कठोरपणे क्वचितच सिद्ध झाले असेल.

आता गोळीकडे येऊ. अमेरिकेत पॉल हान आणि सहकाऱ्यांनी १९४३ मध्येच किरणोत्सारी लोह वापरून कुत्र्यांवर दाखवले होते की आधी लोहाचा डोस दिला तर काही तासांनी दिलेल्या लोहाचे शोषण घटते. हेप्सिडिन कळल्यावर स्वित्झर्लंडमध्ये लोहसाठा कमी असलेल्या तरुणींवर हेच नेमकेपणाने मोजले गेले. २०१५ च्या अभ्यासात ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून मोठ्या मात्रेने हेप्सिडिन चोवीस तासांपर्यंत वाढलेले राहिले आणि दुसऱ्या दिवशीच्या मात्रेचे शोषण ३५ ते ४५ टक्क्यांनी घटले. डोस ४० वरून २४० मिलिग्रॅम, म्हणजे सहापट केला, तेव्हा शोषलेले लोह फक्त तिप्पट झाले. २०१७ मध्ये त्याच गटाने दिवसाआड गोळी देऊन पाहिली: रोजच्या गोळीत १६.३ टक्के, तर दिवसाआडच्या गोळीत २१.८ टक्के लोह शोषले गेले. या स्त्रिया रक्तक्षयी नव्हत्या, मग आपल्याकडच्या बाईला हे कसे लागू करायचे, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. शरीराला लोहाची भूक मोठी असली की हेप्सिडिन मुळातच खाली असते. परंतु २०२० मध्ये रक्तक्षयी स्त्रियांवर केलेल्या लहान अभ्यासातही दिवसाआडचे शोषण सरसच ठरले. वाट अधिक उघडी असली, तरी मोठ्या डोसनंतर ती आखडतेच.

सार्वजनिक आरोग्याचा अनुभव असलेले लोक इथे दुसरा मुद्दा काढतील. हेप्सिडिनचे सोडा, गोळ्या घेतल्याच जात नाहीत, पिशवीत तशाच पडून असतात. हे खरे आहे. पण त्या का घेतल्या जात नाहीत? मळमळ, पोटदुखी, काळी शौच, बद्धकोष्ठ. न शोषले गेलेले लोह आतड्यात पडून राहते आणि यातला बराच त्रास त्यातूनच होतो. म्हणजे गोळी टाळण्यामागेही अर्धे कारण पेशीने नाकारलेले लोहच आहे. यातून गोळ्या बंद करा असा अर्थ मात्र निघत नाही. गरोदरपणात एकूण सुमारे एक ग्रॅम जादा लोह लागते, उत्तरार्धात हेप्सिडिन घटते, आणि तेव्हा अन्नावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर स्त्रीला रोज आणि किशोरवयीन मुलींना आठवड्यातून एकदा गोळी ठरवली आहे. शरीराच्या नियमांकडे पाहिले तर हा भेद योग्य वाटतो. माझा आक्षेप आहे तो गोळ्या मोजून कार्यक्रमाचे यश ठरवण्यावर.

मग थोडे थोडे लोह रोज, अन्नातूनच, हा मार्ग उरतो. या बाबतीत छत्रपती संभाजीनगरचे स्वतःचे काम आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या पैठण रस्त्यावरील राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्पात बाजरीचे दोन लोहसमृद्ध संकरित वाण तयार झाले: एएचबी १२०० आणि एएचबी १२६९. नावातल्या अक्षरांचा अर्थ औरंगाबाद हायब्रीड बाजरा. शहराचे नाव पुढे बदलले, वाणांचे राहिले. प्रचलित वाणांत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह असते, एएचबी १२०० मध्ये ७३ आणि एएचबी १२६९ मध्ये ९१. त्याआधी २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झालेला धनशक्ती हा वाण इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्था आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांचा. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोच्या इनियाडी बाजरीत आहे. तीनशे ग्रॅम पिठाच्या भाकऱ्यांमधून नेहमीच्या बाजरीतून १४-१५ मिलिग्रॅम लोह मिळेल, एएचबी १२०० मधून २२ आणि एएचबी १२६९ मधून २७. भारतीय आहारशास्त्राने स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅमची शिफारस केली आहे. ६० मिलिग्रॅमच्या गोळीशी तुलना केली तर ही वाढ क्षुल्लक दिसते. पण ती दोन जेवणांत विभागून रोज येते, आणि हेप्सिडिनला दचकवण्याइतकी मोठी नसते.

महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने लोहसमृद्ध किंवा साध्या बाजरीची भाकरी देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुरुवातीला ४१ टक्के मुलांत लोहाची कमतरता होती. त्या मुलांपैकी लोहसमृद्ध भाकरी खाणारी मुले कमतरतेतून बाहेर येण्याची शक्यता साधी भाकरी खाणाऱ्यांच्या १.६४ पट निघाली. मला यातली दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते: परिणाम कमतरता असलेल्या मुलांत मोठा होता, नसलेल्यांत कमी. पेशीचे नियंत्रण खरे असेल तर नेमके असेच दिसायला हवे. ज्याला गरज आहे तो घेतो, ज्याला नाही त्याची पेशी लोह गाळून टाकते. हा सुरक्षितपणा सरसकट वाटलेल्या मोठ्या डोसमध्ये मिळत नाही.

बाजरीत फायटेट भरपूर असते, ते लोह बांधून ठेवते, मग वाढलेले लोह शोषले जाणार कसे, असे विचारले जाते. शंका प्रयोगाने तपासण्यासारखी होती आणि ती तपासलीही गेली. बेळगाव भागातल्या दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांवर २०१३ चा अभ्यास झाला. लोहसमृद्ध बाजरीतून दिवसाला सरासरी ०.६७ मिलिग्रॅम, तर साध्या बाजरीतून ०.२३ मिलिग्रॅम लोह शोषले गेले. फायटेट अडवते, पण सगळे अडवत नाही. भाकरीबरोबर लिंबू किंवा आंबट चुका असला तर अडवणूक आणखी घटते, आणि लगोलग चहा घेतला तर वाढते.

मुंबईतल्या वस्त्यांमधला निकाल मात्र या युक्तिवादाला सहज पचणारा नाही. १२ ते १८ महिन्यांच्या मुलांना लोह आणि जस्ताने समृद्ध बाजरीचे पदार्थ कित्येक महिने दिले, तरी लोहस्थितीत एकंदर ठळक फरक पडला नाही. एवढी लहान मुले खातातच थोडे, हे एक कारण संभवते. दाट वस्तीत वारंवार होणारे जुलाब-ताप आणि त्यांनी वाढलेले हेप्सिडिन हे दुसरे. ते तसे असेल, तर त्या मुलांसाठी स्वच्छ पाणी हाही लोहाचाच कार्यक्रम ठरतो, आणि आहारात कितीही भर घातली तरी संसर्ग थांबेपर्यंत पेशी ते रक्तात जाऊ देणार नाही. बाजरीचे समर्थन करणाऱ्याने ही मर्यादा आधीच मान्य करावी. थॅलेसेमियात तर नियंत्रण उलट्या दिशेने फसते. बिघडलेली रक्तनिर्मिती हेप्सिडिन दाबून ठेवते आणि गरज नसताना लोह साठत जाते. तिथे लोहसमृद्ध अन्नाचा सल्ला डॉक्टरला विचारूनच घ्यायला हवा.

आता अडचण उरते ती बाजारात. मोंढ्यात बाजरीचे भाव ठरतात दाण्याच्या रंगावर, टपोरेपणावर आणि ओलाव्यावर. किलोमागे ९१ मिलिग्रॅम लोह आणि ४५ मिलिग्रॅम लोह डोळ्यांना सारखेच दिसते, आणि किमान आधारभूत किमतीतही हा फरक धरलेला नाही. पोत्यात दोन्ही एकत्र मिसळले की लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्याला ओळखता येत नाही. ती निश्चितपणे ताटात येते ती पिकवणाऱ्याच्याच घरी, आणि तिथे वाणाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. एएचबी १२०० आणि १२६९ संकरित आहेत, त्यांचे बियाणे दर हंगामात विकत घ्यावे लागते. धनशक्तीचे बियाणे घरचे राखता येते. वैजापूर-गंगापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याने विक्रीसाठी संकरित वाण आणि घरच्या खाण्यासाठी दोन-चार गुंठे धनशक्ती पेरावी, असा सल्ला कृषी विस्तार कार्यकर्त्याने द्यायला हरकत नाही. शालेय पोषण आहारासाठी बाजरी घेतली जाते तिथे मात्र पोत्यातल्या लोहाची चाचणी खरेदीच्या अटींतच घालावी लागेल, कारण दाणा बघून वाण सांगणारा माणूस त्या साखळीत कुठेच नाही.